वरळीचे जपानी बुद्धमंदिर

आपल्या गावाकडची माणसे मुंबईला हौसेने कमी जातात, कामाने जास्त. कोणाचा मुलगा तिथे नोकरीला, कोणाची लेक तिथे दिलेली, कोणाला कोर्टाची तारीख, तर कोणाला दवाखान्याचे बोलावणे. काम आटोपले की उरलेल्या दिवसात राणीची बाग, गेटवे, महालक्ष्मी, हाजी अली, सिद्धिविनायक असा एक फेरा होतो आणि रात्रीच्या गाडीने मंडळी परत फिरतात.

या फेऱ्याच्या वाटेवरच, महालक्ष्मी आणि सिद्धिविनायक यांच्या दरम्यान, एक जागा आहे. पाहुण्यांना तिकडे सहसा कोणी नेत नाही. वरळी नाक्याजवळ, डॉ. ॲनी बेझंट रस्त्यावर, पोदार आयुर्वेद रुग्णालयाच्या समोर हे मंदिर उभे आहे. निप्पोनझान म्योहोजी असे त्याचे नाव. हे नाव जिभेवर बसायला वेळ लागतो, म्हणून लोक सरळ ‘जपानी मंदिर’ म्हणतात. सातासमुद्रांपलीकडच्या देशातल्या भिक्षूंचे मंदिर मुंबईत कसे आले, नि त्याचा आपल्या कापसाशी, वर्ध्याशी आणि शेतकऱ्याच्या जमिनीशी काय संबंध, हे कळले तर तिथे जाण्याची गोडी आणखी वाढेल. म्हणून हा लेखनप्रपंच.

रस्ता आणि उंबरा

वरळीचा हा रस्ता म्हणजे दिवसरात्र वाहणारी नदीच. बसगाड्या, टॅक्सी, मोटारी, त्यांचे भोंगे, नव्या उंच इमारतींच्या बांधकामांचा खडखडाट; आणि आता तर जमिनीच्या पोटातून मेट्रोही धावते. फाटकातून आत शिरले, पायरीशी चपला काढल्या आणि सभागृहात पाऊल टाकले, की पहिल्यांदा जाणवतो तो पायाखालचा गारवा. समोर बुद्धांची मूर्ती. भिंतींवर बुद्धांच्या जीवनातल्या प्रसंगांची चित्रे. रस्ता काही दूर गेलेला नसतो. भोंगे ऐकू येतच असतात, पण ते जणू दुसऱ्या कोणासाठी वाजत आहेत असे वाटते.

माझ्याबरोबर आमच्या गावचे आबा होते. सत्तरी ओलांडलेले, माळकरी, पंढरीची वारी न चुकवणारे. डोळ्याच्या कामासाठी मुंबईला आलेले. आम्ही गेलो त्या दिवशी तिथे कोणी नाव-गाव विचारले नाही, कोणी पावती पुढे केली नाही. आबा भिंतीला टेकून बसले, चित्रांकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “मास्तर, ह्यो तर राजाचा ल्योक. ह्याला आपल्या मातीचं काय ठावं असंल?”

प्रश्न वाजवी होता. मी त्यांना बौद्ध ग्रंथांतल्या दोन गोष्टी सांगितल्या. पहिली सिद्धार्थाच्या लहानपणीची. शाक्यांकडे पेरणीच्या आधी नांगरटीचा सण असे. राजा शुद्धोदन त्या दिवशी स्वतः नांगर धरी. सगळी मंडळी शेतात गुंतलेली असताना लहानगा सिद्धार्थ बांधावरच्या जांभळीखाली एकटा बसला आणि तिथेच त्याचे ध्यान लागले. पुढे ज्या माणसाने घर सोडून सत्याचा शोध घेतला, त्याला पहिली शांतता लाभली ती नांगरटीच्या दिवशी, शेताच्या कडेला.

दुसरी गोष्ट बुद्ध झाल्यानंतरची. मगध देशात एका ब्राह्मण शेतकऱ्याची पेरणी चालली होती. पाचशे नांगर जुंपलेले. गडीमाणसांना जेवण वाढले जात होते. तिथे बुद्ध भिक्षापात्र घेऊन उभे राहिले. शेतकरी म्हणाला, मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो. तूही तसेच कर. बुद्धांनी राग धरला नाही. आपणही शेतीच करतो, असे सांगून त्यांनी आपल्या साधनेचा बी, पाऊस, जू, नांगर, चाबूक असा एकेक करून हिशेब मांडला. त्या शेतकऱ्याला तो पटला.

आबा जरा थांबून म्हणाले, “मंजी कष्ट तिथंबी हायेतच म्हणायचं.”

शांत देवळातला ढोल

संध्याकाळ झाली तशी एकेक माणसे येऊ लागली. थोड्या वेळात भिक्षू आले, नमस्कार करून बसले आणि ढोलावर टिपरू पडले. सगळे सभागृह घुमले. माणसे एका सुरात म्हणू लागली : ‘ना मु म्यो हो रेन गे क्यो.’ तेच शब्द, तोच ठेका, पुन्हा आणि पुन्हा.

आबा माझ्या कानाशी लागले. “काय वो मास्तर, शांत देऊळ म्हणत हुता, आन्‌ हितं तर ढोल वाजतुया!”

या मंदिराचे सारे रहस्य या एका प्रश्नात आहे. शांतता म्हणजे आवाज नसणे, असे आपण धरून चालतो. इथे शांततेसाठी आवाज करतात. मोठ्या ढोलाशिवाय हातात धरायचे लहान ढोलही असतात. गोल कड्यावर एका बाजूने कातडे ताणलेले आणि धरायला दांडा. आपला डफ घ्यावा आणि त्याला पंख्यासारखी मूठ बसवावी, तसे ते दिसतात. आलेल्या माणसाच्या हाती असा ढोल आणि काठी दिली, की त्यानेही वाजवायचे. मंत्र पाठ असला पाहिजे, दीक्षा घेतली पाहिजे, असे काही नाही.

मंत्राचा अर्थही सांगितला पाहिजे. बौद्धांचा ‘सद्धर्मपुंडरीक सूत्र’ नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. पुंडरीक म्हणजे पांढरे कमळ. आपल्या पुंडलिकाचे नावही त्याच शब्दावरून आलेले. हा ग्रंथ चीनमध्ये गेला. तिथे इ. स. ४०६ मध्ये कुमारजीव नावाच्या पंडिताने त्याचे चिनीत भाषांतर केले आणि तेच पुढे जपानात वाचले जाऊ लागले. तेराव्या शतकात निचिरेन नावाच्या जपानी भिक्षूने सांगितले की, सगळा ग्रंथ वाचणे ज्याला जमत नाही त्याने नुसते त्याचे नाव मनापासून घ्यावे. ‘सद्धर्मपुंडरीक सूत्राला नमस्कार’ एवढाच त्या जपानी मंत्राचा अर्थ. पहिला ‘नमु’ म्हणजे आपला ‘नमो’च, लांबचा प्रवास करून परत आलेला.

नामस्मरणाची ही वाट वारकऱ्याला नवी कशी वाटावी? दहा मिनिटांत आबांच्या हाती ढोल होता आणि माळकऱ्याचा हात ठेक्यात कुठे चुकत नव्हता.

तासभर तो ठेका चालला असेल. मग तो थांबला. त्या क्षणी जी शांतता पसरली ती आल्या आल्या जाणवली होती त्याहून वेगळी होती. दिवसभर औत धरून संध्याकाळी बैल सोडल्यावर रानात जी शांतता भरते, तशी ती होती. काम करून मिळवलेली.

आसो गावचा मुलगा

हा ढोल भारतात आणणारे भिक्षू म्हणजे निचिदात्सु फुजी. आपल्याकडे त्यांना फुजी गुरुजी म्हणूनच ओळखतात. ६ ऑगस्ट १८८५ रोजी जपानच्या दक्षिणेकडील कुमामोतो प्रांतात, आसो इथे एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आसो हा ज्वालामुखीचा मुलूख. जुन्या ज्वालामुखीच्या प्रचंड खळग्यात तिथे गावे वसली आहेत आणि भाताची खाचरे आहेत. मुलगा शेतीच्या शाळेत शिकला. घरच्यांना वाटले असेल, शिकून शेती सुधारेल. पण शाळा संपताच, एकोणीसच्या आसपासच्या वयात, त्याने भिक्षूची वस्त्रे घेतली.

बौद्ध धर्म भारतातून जपानला गेला, तो एके दिवशी जपानमधून भारतात परत जाईल, असे निचिरेन यांनी लिहून ठेवले होते. ते ऋण फेडायचे या निश्चयाने फुजी गुरुजी १९३१ साली कलकत्त्याला उतरले. भाषा येत नाही, ओळख नाही, पैसा नाही. हातात ढोल आणि तोंडात तो एक मंत्र.

वर्ध्याची भेट

४ ऑक्टोबर १९३३ रोजी वर्ध्याला त्यांची गांधीजींशी भेट झाली. गांधीजी तेव्हा वर्ध्याच्या आश्रमात राहत होते. सेवाग्राम अजून वसायचे होते. फुजी गुरुजी काही दिवस आश्रमात राहिले. गांधीजींना तो ढोल आणि तो मंत्र दोन्ही आवडले. पुढे मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला. डिसेंबर १९४१ मध्ये जपान महायुद्धात उतरला तेव्हा सेवाग्रामात राहणाऱ्या जपानी भिक्षूला इंग्रज सरकारने शत्रूदेशाचा नागरिक म्हणून पकडून नेले. भिक्षू गेला, पण त्याचा मंत्र आश्रमाने सोडला नाही. सेवाग्रामच्या सर्वधर्म प्रार्थनेचा आरंभ त्या जपानी मंत्राने होतो, हे तिथे जाऊन आलेल्या वाचकांना आठवत असेल.

कापसाची वाट

फुजी गुरुजी वर्ध्याला आले त्या सुमारास तिथल्या शेतकऱ्याच्या तोंडी जपानचे नाव वेगळ्याच कारणाने असणार. ते कारण म्हणजे कापूस.

मुंबईत जपानी माणसे येऊ लागली तीच मुळी कापसासाठी. ओसाकाच्या गिरण्यांना आपला आखूड धाग्याचा कापूस हवा होता. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने निप्पोन युसेन कैशा या जपानी कंपनीने मुंबई आणि कोबे यांच्यामध्ये जहाजे सुरू केली. त्यानंतर वऱ्हाड-खानदेशातला कापूस गाठींच्या रूपाने मुंबईच्या बंदरातून जपानला जाऊ लागला, आणि जपानी व्यापारी नि त्यांचे कारकून मुंबईत राहू लागले. त्यांतल्या काहींना इथेच मरण आले. वरळीत जपानी लोकांची एक जुनी दफनभूमी आहे, ती या काळाची खूण.

१९३३ च्या जूनमध्ये सरकारने ब्रिटनबाहेरच्या सुती कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. जपानी कापडाला ती जाचक झाली आणि जपानी गिरण्यांनी आपला कापूस घ्यायचे बंद केले. आधीच जगभर मंदी, त्यात मोठे गिऱ्हाईक रुसलेले. बोलणी महिनोन्‌महिने चालली आणि १९३४ च्या जानेवारीत तडजोड झाली. जपानने किती कापूस घ्यावा यावर त्याचे किती कापड इथे येऊ द्यायचे, हे त्यात ठरले.

दोन देश व्यापारावरून असे ताणलेले असताना, त्यांतल्या एका देशाचा भिक्षू कापसाच्या मुलखात येऊन ढोल वाजवीत होता. भावाची चढउतार त्याच्या हातात नव्हती. पण सरकारे भांडत असली तरी माणसांनी भांडलेच पाहिजे असे नाही, एवढे त्याच्या येण्याने दिसले.

वरळीचे मंदिर उभे राहिले ते स्वातंत्र्यानंतर, १९५० नंतरच्या दशकात. त्यासाठी द्रव्यसाहाय्य केले उद्योगपती जुगलकिशोर बिर्ला यांनी. देशात अनेक ठिकाणी मंदिरे आणि धर्मशाळा बांधणारे हे गृहस्थ.

सुनागावाचे शेतकरी

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला. तो फुजी गुरुजींचा साठावा वाढदिवस. तीन दिवसांनी नागासाकी जळाले. त्यानंतरचे सारे आयुष्य त्यांनी युद्धाविरुद्ध खर्ची घातले. ठिकठिकाणी शांतिस्तूप बांधायचे त्यांनी ठरवले. पहिला कुमामोतोला, १९५४ साली. पुढे भारतात राजगीर, धौली, लेह, दार्जिलिंग आणि आपल्या वर्ध्यालाही असे स्तूप झाले.

पण स्तूपांपेक्षाही शेतकऱ्याने लक्षात ठेवावी अशी एक हकीकत आहे. टोकियोच्या पश्चिमेला सुनागावा नावाचे गाव होते. शेजारी ताचिकावाचा विमानतळ. युद्धानंतर तो अमेरिकन फौजेच्या ताब्यात होता. जेट विमानांना लांब धावपट्टी लागते, म्हणून १९५५ च्या मे महिन्यात गावाला निरोप आला की जमीन द्यावी लागेल. ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन, तीच भाकरी, अशी ही माणसे. त्यांनी नकार दिला. मोजणीदार आले की गाव आडवे व्हायचे. बायकापोरे, म्हातारेकोतारे सगळे शेतात येऊन उभे. त्यांच्या मदतीला कामगार आले, विद्यार्थी आले. आणि पिवळी वस्त्रे ल्यालेले, हातात पंख्यासारखे ढोल घेतलेले फुजी गुरुजींचे भिक्षूही आले.

१९५६ च्या ऑक्टोबरात मोजणी पुरी करायचीच म्हणून पोलिसांची मोठी फौज आली. पावसाने चिखल झालेला. भिक्षू पुढे बसून मंत्र म्हणत ढोल वाजवीत होते. त्यांच्यावर लाठ्या पडल्या. शेकडो माणसे जखमी झाली. ढोल वाजवणाऱ्यांनी हात उगारला नाही, आणि जागाही सोडली नाही. साऱ्या जपानने हे पाहिले. दुसऱ्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, सरकारने मोजणी थांबवत असल्याचे जाहीर केले.

याच १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण बुद्धाचे नाव घेणारी साधी माणसे त्या एकाच दिवशी दोन देशांत ताठ मानेने उभी होती, हे खरे.

सुनागावाची गोष्ट तिथे संपली नाही. कोर्टकचेऱ्या झाल्या, वर्षे गेली. शेवटी १९६८ साली अमेरिकन फौजेने धावपट्टी वाढवायचा बेत सोडून दिला आणि १९७७ साली तो तळच जपानला परत मिळाला. त्या जागेच्या एका भागात आज मोठे सार्वजनिक उद्यान आहे.

परत येताना मी आबांना ही गोष्ट सांगितली. आमच्या गावची काही जमीन मागे तलावात गेली, तेव्हा त्यांच्याही दोन एकरांवर पाणी फिरले होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “जिमिनीपायी मार खायाला बाहीरचा मानूस येतुया, ह्ये काय सोपं न्हाई, मास्तर.”

खरोखरच सोपे नाही. शांततेचे नाव घेणारी पुष्कळ माणसे शांत जागीच बसून राहतात. या भिक्षूंची शांतता चिखलात जाऊन बसली. म्हणून त्यांच्या ढोलाला वजन आहे.

वरळीचे दुखणे

वरळीलाही अशा शांततेची गरज कमी नव्हती. मंदिरापासून थोड्याच अंतरावर बीडीडी चाळी. इंग्रजांच्या काळात बांधलेल्या या चाळींत एका खोलीत एकेक कुटुंब, कधी दोन-दोन, आणि वर गावाकडून आलेला भाचा-पुतण्या. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सगळ्या मुलखांतली माणसे इथे नांदली. १९७४ च्या जानेवारीत याच चाळींत दंगल पेटली. वर्षानुवर्षे एकाच नळावर पाणी भरणारे शेजारी एकमेकांवर दगड घेऊन धावले. त्यात जीव गेले. नंतर घरे पुन्हा बोलू लागली, पण ज्यांनी पाहिले त्यांना त्या दिवसांचा विसर पडला नाही.

मग १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांच्या हाती पुन्हा ते काम आले नाही. किती संसार त्या वेळी पेटी-वळकटी घेऊन गावी परतले, हे आपल्या गावांना सांगायला नको. आज गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे आहेत आणि बीडीडी चाळींच्या जागीही उंच इमारती होत आहेत.

प्रार्थनेनंतर एक म्हातारे गृहस्थ आमच्याजवळ बसले होते. आबांची पगडी पाहून त्यांनीच विचारले, “पाव्हणं, कुठलं गाव?” बोलता बोलता कळले की ते खटावकडचे. तीस वर्षे गिरणीत, साच्यावर. आबांनी विचारले, “दादा, रोज येता का हितं?”

“रोज न्हाई. मन लागंना झालं की येतो,” ते म्हणाले. “साच्याचा आवाज कानात बसलाय बघा. गिरणी गेली, आवाज ऱ्हायला. रात्री निवांत झालं की लई आठवतो. हितं ढोल ऐकला की त्यो आवाज खाली बसतो.”

ते बौद्ध होते की मराठा की आणखी कोणी, हे आम्ही विचारले नाही. तिथे ते विचारावेसे वाटत नाही. चाळीतल्या बौद्ध वस्तीतली माणसे येतात तशी इतरही येतात. रुग्णालयात कोणाला भेटायला आलेले गावकरीही तिथे घटकाभर टेकताना दिसतात.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

मंदिराला जायला लोअर परळ किंवा महालक्ष्मी स्थानकावर उतरून वरळी नाक्याकडे जाणारी बस किंवा टॅक्सी धरावी. भुयारी मेट्रोने येणाऱ्यांना आचार्य अत्रे चौक हे स्थानक जवळचे. पोदार रुग्णालय कोणीही दाखवील. त्याच्या समोरच मंदिर. प्रार्थना सकाळी आणि संध्याकाळी होते. ढोल ऐकायचा असेल तर दिवस मावळायच्या आधी पोहोचावे. चपला बाहेर ठेवाव्यात, आत हळू बोलावे, फोटो काढायचा झाल्यास विचारून काढावा. लहान मुलांना जरूर न्यावे. पोरे आवाज करतील म्हणून संकोच नको, ढोलापुढे त्यांचा आवाज तो किती!

विदर्भातल्या वाचकांना मुंबई लांब पडते. त्यांनी सेवाग्रामची प्रार्थना ऐकावी आणि वर्ध्याला गोपुरीत, गीताई मंदिराजवळ, १९९३ साली झालेला विश्वशांती स्तूप पाहावा. मंत्र तोच, ढोल तोच.

फुजी गुरुजींना भारत सरकारने १९७८ सालचा जवाहरलाल नेहरू पुरस्कार दिला. ९ जानेवारी १९८५ रोजी, शंभरीला काही महिने कमी असताना, ते गेले. शेतीच्या शाळेत शिकलेल्या या माणसाने पुढे आयुष्यभर नांगर धरला नाही, पण शेतकऱ्याची एक गोष्ट सोडली नाही : काम रोज करायचे. आज पाऊस आहे म्हणून, आज कोणी आले नाही म्हणून, आज मन नाही म्हणून ढोल वाजवायचा राहिला, असे त्यांच्या परंपरेत नाही. गुरांना वैरण घालायला आपण सणाचा दिवस पाहतो का? तसेच हे.

घरात भाऊबंदकी असो, बांधावरचा तंटा असो, गावातली दुही असो, एका बैठकीत मिटवून मोकळे व्हावे असे आपल्याला वाटते. पण एका बैठकीत मिटलेले पुढच्या पेरणीला पुन्हा उगवते. मनाची मशागत ज्याने रोज केली, त्याच्याच रानात तण कमी. पुढच्या खेपेला मुंबईला गेलात की तासभर वेळ काढून वरळीला जा. कोणी हाती ढोल दिला तर लाजू नका. ठेका अवघड नाही. आपल्या भजनाच्या सवयीचा हात त्याला पुरेसा आहे.